दुसऱ्या वर्षाचे बूट

माझी ताई डोळे बनवते. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्याने "म्हणजे चष्मे?" असंच विचारलंय. चष्मे नव्हेत, डोळे. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्या खोबणीत बसणारा आणि दुसऱ्या डोळ्याशी जुळणारा नकली डोळा. त्यातून दिसत काही नाही, पण तो बसवला की माणूस पुन्हा समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायला लागतो. ताईला मात्र कोणी कामाबद्दल विचारलं तर ती "रंगकाम करते" एवढंच सांगते, आणि मग लोक तिला घराच्या भिंती रंगवायचा भाव विचारतात.

मी कर सल्लागार. लोकांची मिळकत, लोकांचे खर्च आणि लोकांच्या थापा यांवर माझं पोट चालतं. ताई म्हणायची, "तू लोकांच्या खिशात बघतोस, मी डोळ्यात बघते. आपल्या घरात कोणाचं काही लपायचं नाही." हे ती मोठ्या तोऱ्यात म्हणायची. हल्ली म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच सांगायला बसलोय.

तिची कामाची खोली एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्रं धडधडायची आणि वर तिच्या टेबलावरच्या वाट्यांमधले रंग थरथरायचे. पण खोलीला एक मोठी खिडकी होती. तिच्यातून थेट ऊन कधी आत आलं नाही, नुसता उजेड यायचा, आणि तो दिवसभर एकसारखा असायचा. त्या उजेडापायी ताईने यंत्रांची धडधड, अंधारा जिना आणि मालकाचा खडूस स्वभाव, सगळं चालवून घेतलं.

खिडकीपाशी एक खुर्ची होती. आलेल्या माणसाला ती तिथे बसवायची आणि त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत, गप्पा मारत, नकली डोळा रंगवायची. बुबुळाला एकच एक रंग नसतो, थरावर थर चढवावे लागतात. पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी ती लाल रेशमाचे धागे इतके बारीक सोडवते की तिने बोट दाखवल्याशिवाय मला ते दिसत नाहीत. आणि तिचा एक हट्ट होता. माणूस समोर बसल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. कोणी म्हणालं, बाबांना जिना चढवत नाही, फोटो आणलाय, चालेल का? तर ही रंगांची पेटी उचलून बाबांच्या घरी जायची.

"फोटोत माणूस थांबलेला असतो," ती म्हणायची. "मला चालू माणूस लागतो."

"म्हणून तर माझ्याशी लग्न केलंस," असं यावर दाजी दर वेळी म्हणायचे. दाजी म्हणजे तिचा नवरा. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात, जोक जुनेच करतात आणि स्वयंपाक बरा करतात.

लहान मुलांचं काम वेगळं असतं. चेहरा वाढतो तशी डोळ्याची खोबणही वाढते, म्हणून नकली डोळा दर थोड्या काळाने मोठा करत न्यावा लागतो. अशा मुलांसाठी ताई पुढच्या मापांचे साचे अंदाजाने आधीच करून ठेवायची. नुसते साचे. ते घासून बसवणं आणि रंगवणं मूल खुर्चीत आल्यावरच.

गेल्या वर्षी मालकाने इमारत विकायला काढली. "तुम्ही जुन्या भाडेकरू, म्हणून तुमची खोली आधी तुम्हाला विचारतो," असं म्हणून त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून दाजी चहा प्यायचेच विसरले. वर्ष संपेपर्यंतची मुदत मिळाली. ताईने शहरभर दुसरी खोली शोधली. खोल्या होत्या, पण कुठे समोरची भिंत लाल, कुठे खिडकीबाहेर हिरवी जाळी. "इथे बसून रंगवलं तर सगळ्या गावाचे डोळे आल्यासारखे दिसतील," म्हणाली आणि घरी आली.

त्याच सुमारास परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. तिथे अनेक दवाखान्यांसाठी डोळे बनतात आणि हाताने रंगवणारी माणसं मिळत नाहीत. दोन वर्षांचं कंत्राट. दोन वर्षांत खोलीचे पैसे उभे राहतील, एवढी रक्कम. मालकाला थोडे आत्ता देऊन बाकीचे नंतर, असं पटवता येण्यासारखं होतं.

ताई कधी विमानात बसलेली नाही. पत्र वाचून तिने पहिला प्रश्न मला हा विचारला, की विमानात खिडकीची जागा मागितली तर जास्त पैसे घेतात का. तिच्या तोंडावरचा तो आनंद बघून मला एकदम भरून आलं. आमचे वडील लवकर गेले. माझं सगळं शिक्षण तिच्या रंगांच्या पैशावर झालं. तिला एकदा तरी स्वतःसाठी कुठेतरी गेलेलं मला बघायचं होतं, हे मी लपवत नाही.

पण धंदा तो धंदा. रविवारी दुपारी मी कागद घेऊन तिच्या स्वयंपाकघरात बसलो. दाजी भांडी विसळत होते. त्यांची दहा वर्षांची मुलगी दाराच्या चौकटीला पाय लावून वर चढत होती. ती एका जागी राहत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात.

"हा आकडा भरपूर कपडे घालून आलाय," मी म्हणालो. "आधी त्याचा कोट काढू, मग स्वेटर, मग बघू आत जीव केवढा आहे."

"काढ," ताई म्हणाली.

"पहिली गोष्ट. हे नोकरी देत नाहीयेत, कंत्राट देतायत. नोकरीत कर कापून पगार हातात येतो. कंत्राटात सगळेच्या सगळे पैसे हातात येतात आणि आपण श्रीमंत झालो असं वाटतं. मग कराचा हप्ता येतो आणि माणसं माझ्याकडे रडत येतात. म्हणून दर महिन्याला एक वाटा वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्या खात्याकडे ढुंकूनही बघायचं नाही."

"मला जमेल. यांना नाही जमणार."

"मी कुठे चाललोय?" दाजी म्हणाले.

"दुसरी गोष्ट. आजारी पडलीस तर पैसे बंद. बोटाला लागलं, ब्रश धरता आला नाही, तरी बंद. विमा आपला आपण काढायचा. म्हातारपणासाठी ना तिथे काही साठणार, ना इथे. आणि कंत्राट मोडलं की तिथे राहायचा परवानाही गेला. मग सामान गुंडाळून परत."

"कंत्राट मोडू कोण शकतं?"

"कागदावर दोघंही."

ताई हसली. कागदावर म्हणजे काय ते तिला बरोबर कळलं.

"आणि कर कुठल्या देशाला भरायचा?" दाजींनी विचारलं.

"तिथेच तर गोम आहे. दोन्ही देशांना वाटणार की ही बाई आमची."

"एवढी मागणी तिला लग्नाच्या वेळी नव्हती हो."

ताईने त्यांच्या पाठीत ओल्या फडक्याचा फटका दिला. मी पुढे समजावून सांगितलं. काम तिथे करणार म्हणून तो देश पहिला वाटा घेणार. पण घर, नवरा, मुलगी सगळं इथे, म्हणून इथलं कर खातं म्हणू शकतं की ही अजून इथलीच रहिवासी आहे, हिने बाहेरची कमाईसुद्धा आम्हाला दाखवावी. तिथे भरलेला कर इथे वजा करून मिळतो, तसा करार आहे दोन देशांत. पण त्याचे दाखले वेळेवर हवेत, आणि इथला कर जास्त निघाला तर वरचा फरक आपल्याच खिशातून.

"आणि मी इथली राहिले नाही, तर?" ताईने विचारलं.

"तर बरेच पैसे वाचतील. पण ते नुसतं म्हणून चालत नाही. ते विचारतात."

"काय विचारतात?"

"तुझं कायमचं घर कुठे आहे. नवरा आणि मूल कुठे राहतात. सामान कुठे असतं. सुट्टी मिळाली की तू कुठे जातेस."

चौकटीवरून उत्तर आलं, "घर इथे. बाबा इथे. मी इथे."

"आणि आईचा दात घासायचा ब्रश?" मी गमतीने विचारलं.

"ब्रश ती नेणार," भिंगरी म्हणाली आणि खाली उतरून निघून गेली.

पुढचे काही दिवस मी त्या आकड्याचे कपडे काढत होतो. तिथलं खोलीभाडं, विमा, दोन्हीकडचा कर, चलनाचा भाव पडला तर काय, वर्षातून एकदा येण्याजाण्याचा खर्च, सगळं वजा केलं. हिशोबाला खोटं पाडायचा मी जीव तोडून प्रयत्न केला, पण तो पडला नाही. सगळं जाऊन खोलीपुरते पैसे उरत होते. दाजींच्या व्हॅनवर घर चालणार होतं, ओढाताण झाली असती, पण चाललं असतं. "जा," मी ताईला सांगितलं. "मी हे तुझा भाऊ म्हणून नाही, सल्लागार म्हणून सांगतोय. भाऊ म्हणून पण जा."

तिथल्या राहणीचीही चौकशी तिने केली. एका फ्लॅटमध्ये चारजणी राहणार. प्रयोगशाळा तळघरात, खिडकी नाही, पण दिवे अगदी दिवसाच्या उजेडासारखे. काम सगळं फोटोवरून. दवाखाने फोटो पाठवतात, तिथे डोळा रंगतो आणि डब्यात बसून जातो. परीक्षा म्हणून त्यांनी तिला एक फोटो पाठवला होता. तिने तो डोळा रंगवून धाडला आणि तिकडची मंडळी खूष झाली. तसाच आणखी एक रंगवून तिने स्वतःकडे ठेवला होता. तो तळहातावर घेऊन मला दाखवला.

"कसा आहे?"

"अगदी फोटोतल्यासारखा."

"हो ना," ती म्हणाली. "ओळखच नाही याच्याशी. पण जाऊ दे, दोन वर्षं जमवीन मी."

मग तयारी सुरू झाली. तिच्याकडे येणाऱ्या लहान मुलांचे पुढच्या मापांचे साचे करून तिने दुसऱ्या शहरातल्या एका कारागिराकडे पोचते केले. ते झाल्यावर तिने तोच खाक्या घरात लावला. भिंगरीसाठी कपडे आले, स्वेटर आले, बूट आले, सगळे दोन दोन मापांचे. बुटांसाठी तिने भिंगरीच्या शाळेच्या बुटांच्या तळाचा नंबर बघितला आणि त्याच्या पुढचा आणि त्याच्याही पुढचा असे दोन जोड आणले. प्रत्येक खोक्यावर आपल्या सुबक अक्षरात चिठ्ठी लावली. एकावर "पहिलं वर्ष", दुसऱ्यावर "दुसरं वर्ष". कपाटाचा एक खण त्यांनी भरला.

"हिची पेन्शनही आत्ताच लावून टाक," मी म्हणालो.

"चेष्टा कर. पण यांना बूट आणायला पाठवलं तर हे आवडलेला रंग आणतात, माप नाही."



सही करायची होती त्या शनिवारी सकाळी मी कंत्राटाच्या प्रती घेऊन तिच्या घरी गेलो. पानापानावर कुठे सही करायची तिथे मी खुणा केल्या होत्या. ताईने टेबल पुसलं, हात पुसले, चष्मा लावला आणि शेवटचं म्हणून सगळं पुन्हा वाचायला घेतलं. तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली. शनिवारी तिचा फुटबॉलचा सराव असतो. दारातून स्वयंपाकघरापर्यंत ती चालत आली. एरवी ती चालत येत नाही, येऊन आदळते.

"काय गं म्हातारे, काठी आणून देऊ का?" मी म्हणालो.

"बरेच दिवस अशीच चालतेय," दाजी म्हणाले. "खेळताना लागलं म्हणते."

ताईने चष्म्यावरून बघितलं. "बूट काढ."

"नको. परत जायचंय मला."

"भिंगरे, बूट काढ."

भिंगरीने एक बूट काढला, मग बराच वेळ लावून दुसरा. मोजे काढताना तिने ओठ दाबून धरले होते. दोन्ही टाचा सोललेल्या. एका अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं. बाकीची बोटं आत वळून राहिली होती, बूट निघाल्यावरही ती सरळ होईनात.

ज्या बाईला बुबुळाच्या कडेचा केसाएवढा फरक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो, तिच्या पोरीचे पाय तिच्या डोळ्यांसमोर असे झाले होते. तिने बुटाचा नंबर बघितला होता. पाय बघितला नव्हता.

ताई उठली आणि कपाटातून पहिल्या वर्षाचं खोकं काढून आणलं. तो बूट टाचेशी अडला, आत गेलाच नाही. मग तिने दुसऱ्या वर्षाचं खोकं आणलं. तो बूट गेला. ताईने पुढून अंगठ्याने दाबून बघितलं. बरोबर बसला होता.

"कधीपासून लागतायत हे?"

"माहीत नाही."

"मला सांगायचं नाही का? कपाटात नवे होते की गं."

"म्हणूनच," भिंगरी म्हणाली. "सांगितलं असतं तर तू पहिल्या वर्षाचे काढून दिले असतेस."

"मग?"

"मग पहिलं वर्ष सुरू झालं असतं ना."

ताई रडली नाही. रडलो मी, आणि तेही चारचौघांत रडावं तसं नाक ओढत, त्यामुळे दाजींनी मला तेच भांड्यांचं फडकं दिलं.

ताईने भिंगरीला उचललं. दहा वर्षांची मुलगी काही उचलण्यासारखी नसते, पण तिने उचललं आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत नेऊन बसवलं. जमिनीवर वर्तमानपत्राचं एक पान पसरलं. त्यावर तो सुजलेला पाय ठेवायला सांगितला आणि खाली बसून, पेन्सिल उभी धरून, टाचेपासून हळूहळू पायाची कड काढायला लागली. इतक्या वर्षांच्या कामात जणू पहिल्यांदाच कोणाचं माप घेत असावी, इतकी सावकाश.

"गुदगुल्या होतात," भिंगरी म्हणाली.

"होऊ देत. हलू नकोस."

दाजी दारात उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "हे बघ, घाईने काही ठरवू नकोस. पाय काय, वाढणारच. तू इथे असलीस तरी वाढणार. मापं मी बघेन, शिकेन मी. खोली गेली तर पुन्हा तसा उजेड मिळायचा नाही तुला."

"तुम्ही बघाल हो," ताई म्हणाली. "मला माहीत आहे, नीट बघाल. पण मला बघायचेत."

तिने दुसरा पाय कागदावर घेतला. भिंगरीने वाकून पहिल्या पायाचं चित्र बघितलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी कोण काढणार?"

"मीच," ताई म्हणाली. "बोटं सरळ कर."

कंत्राट मी तसंच पिशवीत टाकून घरी आलो. तिने त्यांना लिहिलं की शाळेच्या सुट्टीपुरती, तीन महिने दरवर्षी येईन, आणि जमलं तर माणसं समोर बसवून रंगवीन. त्यांनी आभार मानून दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही. मुदत संपल्यावर छापखान्याची इमारत विकली गेली. आता ती खुर्ची ताईच्या घरात बाहेरच्या खोलीत असते. तिथे चांगला उजेड दुपारपर्यंतच टिकतो, म्हणून ती अर्धाच दिवस काम घेते. थांबलेल्या लोकांना स्वयंपाकघरात दाजींचे जोक ऐकावे लागतात. तिचा कर मीच भरतो. त्याला फार वेळ लागत नाही.

तिने केलं ते बरोबर केलं का, असं मला कोणी विचारलं तर मी सल्लागार म्हणून नाही म्हणेन. भाऊ म्हणून मला काय वाटतं ते रोज बदलतं. कधी कधी ती हातातलं काम थांबवून विचारते, "गेले असते तर आत्तापर्यंत किती साठले असते रे?" मी कर वजा करून सांगतो. ती मान हलवते आणि पुन्हा ब्रश उचलते.

दुसऱ्या वर्षाचे बूट भिंगरीने त्याच दिवशी घातले आणि पहिल्याच वर्षात झिजवून टाकले. पहिल्या वर्षाचे कोणी घातलेच नाहीत. दाजींच्या व्हॅनमधल्या एखाद्या मुलीला सहज झाले असते, दाजींनी दोनदा विचारूनही बघितलं. पण ते अजून त्या खणात आहेत, खोक्यावरच्या चिठ्ठीसकट, आणि ताई ते कोणाला देऊ देत नाही.